नाना शिरस्तेदारांचा ब्रेक

नाना बिवलकरांना आवाज सहन होत नसे, आणि त्यातही स्वतःचा तर मुळीच नाही. बोलायचे ते असे, की समोरच्याने एक पाऊल पुढे यावं. शिंक आली तर पंचाचा बोळा तोंडाशी धरायचे. चपला फटफटतात म्हणून त्यांनी टाचेकडचा पट्टा मुद्दाम शिवून घेतला होता. नानी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "ह्यांना खोकायचं झालं तरी आधी अर्ज करतील, मंजूर झाला तर खोकतील."

अर्ज-मंजुरीचं ते बोलणं उगीच नव्हतं. नानांची सगळी नोकरी रत्नागिरीच्या कोर्टात गेली. शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. कोर्टातले दावे, तारखा, कागद हे सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. निवृत्तीनंतरही आमची सगळी आळी त्यांना शिरस्तेदारच म्हणायची.

मी अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन कराडहून रत्नागिरीला आले. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी बघते तर आमच्या फाटकाशी एक अनोळखी गृहस्थ उकिडवे बसून काहीतरी खाटखूट करताहेत. माझा स्वभाव काही मवाळ नाही. मी वरूनच विचारलं, "कोण तुम्ही? काय चाललंय?"

ते दचकून उभे राहिले. एका हातात औषधाची जुनी बाटली, दुसऱ्या हातात कावळ्याचं पीस. "घाबरू नकोस गो," ते म्हणाले. मीच ओरडले होते आणि मलाच घाबरू नकोस. "मी शेजारचा बिवलकर. तुमचं फाटक पावसाळ्यापासून रडतंय. तुझ्या सासऱ्यांना ऐकू येत नाही, त्यांचं बरं आहे. मला येतं."

बाटलीत खोबरेल होतं. आमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला गंज चढायला फारसं निमित्त लागत नाही, त्यामुळे तेल लावणं हा तिथला घराघरातला उद्योगच. पण नाना ते आळीभर करायचे. लोकांची फाटकं, शाळेचं दार, देवळातल्या घंटेची कडी, पाणपोईच्या नळाचा खिळा. पीस बुडवायचं, बिजागरीत फिरवायचं, दार दोनदा हलवून बघायचं आणि "आवाज कशाला?" असं स्वतःशीच पुटपुटून पुढच्या घरी जायचं. आभार मानायची संधी ते कुणालाही देत नसत.

कोर्टातली त्यांची एक गोष्ट नानी नेहमी सांगायच्या. एका दाव्याचा निकाल वाचला जात होता आणि जज्जसाहेबांच्या डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता. निकाल कुणाला नीट ऐकू येईना. मधल्या सुट्टीत नाना टेबलावर चढले, पंख्याला तेल घातलं. दुपारी साहेब म्हणाले, आज कोर्टात पहिल्यांदा मला माझा आवाज ऐकू आला. नानांना या कौतुकाची इतकी लाज वाटली, की त्यांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

लाज हा त्यांचा खरा स्थायीभाव. आणि ती फक्त स्वतःपुरती नव्हती, दुसऱ्यांचीही ते स्वतःकडे घ्यायचे. एका मुंजीत आमटीत मीठ घालायचं राहिलं. यजमान मजेत पंगतीतून फिरत होते, आणि नाना मान खाली घालून असे जेवत होते, की आमटी त्यांनीच केली असावी. कोर्टात साक्षीदार धडधडीत खोटं बोलायला लागला, की ते दौतीकडे बघत बसायचे. "तो शपथेवर खोटं बोलायचा आणि कान माझे तापायचे," असं मला त्यांनीच एकदा सांगितलं. नाहीतर कोर्टातलं ते काही बोलत नसत. एवढं मात्र म्हणाले होते, की इतक्या वर्षांत 'मी नाही केलं' हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं, की कुणी 'मी केलं' म्हणाला की सगळं कोर्ट गोंधळून जायचं.

अशा माणसाच्या घरात झेंडूच्या रंगाची सायकल आली.

त्यांचा मुलगा हेमंत जर्मनीत असतो. एका मे महिन्यात तो येताना डोंगरातून चालवायची सायकल सुटी करून खोक्यातून घेऊन आला, घरी जोडली, आणि महिनाभर सड्यावरून, कातळावरून, हातखंब्यापर्यंत उंडारला. जाताना म्हणाला, "बाबा, ही आता तुमची. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय ना." नानांनी जन्मभर काळी, उंच, घंटी काढून टाकलेली सायकल चालवली होती. ही नारिंगी, जाड टायरांची, पुढे मोटरसायकलसारखी स्प्रिंग असलेली. चाकांच्या मधोमध चकचकीत पोलादी चकत्या. ब्रेक दाबला की तारेऐवजी नळीतलं तेल पुढे सरकतं आणि दोन चिमटे ती चकती पकडतात, असं हेमंतने त्यांना समजावून दिलं.

"रंग तरी बघ गो," नाना मला म्हणाले. "ह्यावर बसून मी बाजारात गेलो तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, शिरस्तेदारांची वरात निघाली," मी म्हटलं. ते हसले नाहीत. मुलाने प्रेमाने दिलेली वस्तू पडून राहिली तर त्याचीही लाज, चालवावी तर तिचीही लाज. शेवटी त्यांनी तोडगा काढला. अगदी पहाटे, रस्त्यावर कुणी नसताना, आमच्या आळीतून बाजाराकडे जाणारा मोठा उतार उतरायचा, खाडीपर्यंत फेरी मारायची आणि दुधाच्या वेळेला परत यायचं.

पण सायकलने त्यांचा हा डाव चालू दिला नाही. पहाटे चकत्यांवर दव पडलेलं असायचं, आणि ओल्या चकतीवर ब्रेक लागला की असा काही केकाटायचा, की आळीतली कुत्री उठायची. उतारावरच्या वळणावर नाना पोचले हे अंथरुणात पडल्यापडल्या सगळ्यांना कळायचं. कुणी तक्रार केली नाही. उलट माझ्या सासूबाई त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायच्या. नानांना मात्र आपण रोज सगळ्या गावाला झोपेतून उठवतोय असंच वाटत राहिलं.

तो आवाज ओळखणारी आणखी एक बाई होती, पारूबाई. ती खाडीपलीकडून भाजीची पाटी डोक्यावर घेऊन यायची. सकाळी उतार चढून आमच्या आळीत दारोदार द्यायची आणि मग खाली उतरून बाजाराच्या तोंडाशी माझ्या वर्गाच्या पायऱ्यांवर बसायची. मी टायपिंगचा वर्ग चालवायचे, पुढे त्यातच कॉम्प्युटर मांडून इंटरनेट सुरू केलं होतं. उताराच्या पायथ्याशी पारूबाई पाटी खाली ठेवून दम खायची. भरलेली पाटी पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरा माणूस लागतोच. जो कोणी वाटेने जात असेल त्याला "हात लावा" म्हणायचं, आणि त्याने हातातलं काम सोडून हात लावायचा, ही तिथली रीत. पहाटेच्या त्या वेळी वाटेत भेटणारे बहुतेक नानाच असायचे. त्यांची फेरी संपत आलेली असायची. ते सायकल बाजूला लावायचे, पाटी उचलून द्यायचे आणि काही न बोलता वर निघायचे. हे रोजचंच झालं होतं.

त्या वर्षी खंडेनवमीला नानांनी घरातली सगळी हत्यारं काढली. कोयता, पावडं, विळी, नानींची शिवणाची कातरी. सगळं घासूनपुसून त्याला तेलाचा हात दिला, हळदकुंकू वाहिलं. मग सायकल धुतली. आणि धुता धुता त्यांना वाटलं, ह्या चकत्यांना कधीच तेल लागलेलं नाही, म्हणून तर बिचाऱ्या ओरडतात. कापसाचा बोळा खोबरेलात भिजवून त्यांनी दोन्ही चकत्या दोन्ही अंगांनी मायेने पुसल्या. चिमट्यांमध्येही पिसाने थेंब थेंब सोडले. मग चाक हाताने फिरवून ब्रेक दाबला. आवाज नाही. मी फुलं द्यायला गेले होते, तेव्हा ते नानींना सांगत होते, "गप्प झाली बघ." इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी दसरा. पारूबाई त्या दिवशी दोन पाट्यांचा माल एकीत रचून आली होती, खाली भाजी आणि वर झेंडू. पायथ्याशी कुणीतरी दुसऱ्याने तिला पाटी चढवून दिली आणि ती उतार चढायला लागली. सणाच्या गडबडीत उशीर झाल्याने नाना तेव्हाच वरून निघाले होते.

मी बाजारात आंब्याचे डहाळे आणायला चालले होते. वळणावरून खाली आले तर रस्ताभर झेंडू पसरलेले, त्यात ती नारिंगी सायकल आडवी पडलेली, आणि पारूबाई कडेला बसून एका हाताने दुसरा हात धरून. नाना तिच्यासमोर उभे. त्यांच्या गुडघ्याला खरचटलं होतं, बाकी काही नाही. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी दाबला. मी दोन्ही दाबले."

"तुमचा काय दोस?" पारूबाई म्हणाली. तिचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता, तरी ती त्यांचीच समजूत काढत होती. "यंत्राचा काय भरवसा. रोज केकाटत येता, मी आपली बाजूला सरते. आज आवाजच नाय आला वो."

मनगट मोडलं होतं. रिक्षातून नेलं, प्लास्टर झालं. दिवाळीचा सगळा हंगाम तिच्या हातून गेला. तिची जाऊ माल आणून द्यायची आणि पारूबाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन माझ्या पायऱ्यांवर बसायची. आळीतला प्रत्येक जण नानांना भेटला आणि प्रत्येकाने तेच सांगितलं. ब्रेक गेला, त्याला तुम्ही काय करणार. परदेशी वस्तूंचं हे असंच. नाना मान हलवायचे.

हेमंत मात्र भडकला. ज्या दुकानातून सायकल घेतली त्याच्याशी त्याने भांडण मांडलं. नवीन सायकलचा ब्रेक उतारावर जातो म्हणजे काय, माझे वडील मेले असते, वगैरे. पडल्यामुळे पुढच्या ब्रेकची मूठ तुटली होती आणि नळीलाही पीळ बसून चीर गेली होती, तेव्हा सगळा संच बदलायलाच हवा होता. दुकानदार नमला. दोन प्रकारच्या ब्रेकपैकी कोणताही निवडा, फुकट देतो म्हणाला. हेमंतने दोन्हींची नावं कळवली आणि म्हणाला, बाबा, तुम्हीच ठरवा, तुमचा उतार तुम्हाला माहीत.

म्हणून नाना माझ्याकडे यायला लागले. दुपारी वर्ग रिकामा असायचा. मी कॉम्प्युटरवर इंग्रजी वाचून त्यांना मराठीत सांगायचे आणि ते समोर ताठ बसून ऐकायचे. पहिल्या ब्रेकला त्यांनी वादी ठरवलं, दुसऱ्याला प्रतिवादी. "आता प्रतिवादीचं म्हणणं काय ते वाच," असं अगदी गंभीरपणे म्हणायचे. बघायला पुष्कळ होतं. चिमटा सायकलच्या दांड्यावरच्या भोकांना बसतो की नाही, नळी हँडल पूर्ण वळवल्यावर ताणली जात नाही ना, पुढची चकती उतारासाठी मोठी घ्यावी का, आत कुठलं तेल चालतं. नाना घरी जाऊन दोऱ्याने मापं घेऊन यायचे. वादीच्या चिमट्यातले, चकतीला घासणारे गुटके मऊ होते, गुळगुळीत आणि मुके, पण चिखलपाण्यात लवकर झिजणारे. प्रतिवादीचे धातूचे, आमच्या तांबड्या चिखलाला आणि पावसाला पुरून उरणारे, पण ओले झाले की केकाटणारे.

"मग वादी," नाना लगेच म्हणाले. "आवाज कशाला?"

मी म्हटलं, थांबा, काळजी कशी घ्यायची तेही वाचू. आणि ते वाचलं. चकतीला तेल लागू देऊ नये. ग्रीस नाही, बोटांचा ओशटपणासुद्धा नाही. लागल्यास ब्रेक आवाज न करता निकामी होईल, आणि गुटके तेल पितात, त्यामुळे ते फेकूनच द्यावे लागतील.

"परत वाच," नाना म्हणाले.

मी परत वाचलं.

"दुसऱ्याचं बघ."

दुसऱ्याचंही तेच होतं. तिसऱ्याच कुणा कंपनीचं उघडलं, तिथे तर तेलाच्या थेंबावर लाल फुली मारलेलं चित्र होतं. त्याला मराठीत करून सांगायची गरज नव्हती.

नानांनी चष्मा काढला. "नळीच्या आत तेलच आहे ना गो?" ते म्हणाले. "तेलावरच चालतो ना हा?"

"आत आहे. बाहेर चालत नाही."

पायरीवर पारूबाई कुणाला तरी पडवळ मोडून देत होती, त्याचा आवाज आत येत होता. मग नाना उठले आणि मागच्या दाराने गेले. पायऱ्यांवरून जायला नको म्हणून.

नंतरचे काही दिवस ते दिसलेच नाहीत. नानींनी सांगितलं, जेवण नीट नाही, झोप नाही. मी गेले, समजावलं. मी म्हटलं, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत. दुकानदार आपण होऊन देतोय. पारूबाई तुम्हाला दोष देत नाही. आता कशाला उकरायचं? हे सगळं मी मनापासून सांगत होते आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

नानांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. "दौतीकडे बघायची माझी जागा होती. आता मीच पिंजऱ्यात आहे, आणि सगळं कोर्ट म्हणतंय, हा निर्दोष. मी नाही केलं, हे वाक्य मला बोलावंसुद्धा लागलेलं नाही. लोकच माझ्यासाठी बोलताहेत."

एका रविवारी ते वर्गात आले. हेमंत त्या दिवशी इंटरनेटवरून बोलणार होता. कानाला लावायचं, तोंडापुढे दांडी येते तसलं यंत्र मी तेव्हा नुकतंच घेतलं होतं. रविवार असल्याने सगळे कॉम्प्युटर भरलेले, कॉलेजची मुलं, एक आंबेवाले बागाईतदार, दारात दोघं वाट बघत. नानांच्या कानावर मी ते यंत्र चढवलं. पलीकडून हेमंत उत्साहाने काहीतरी सांगत होता, ब्रेक कोणता ठरला, दुकानदाराने माफी मागितली, असं काहीसं असावं.

"हेमंत," नाना त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "दोष ब्रेकचा नाही."

त्या काळची ती लाइन. पलीकडे काही पोचलं नाही. "ऐकू येत नाही बाबा," हे मात्र बाहेर मलाही ऐकू आलं.

"दोष ब्रेकचा नाही," नाना जरा मोठ्याने म्हणाले.

"काय? मोठ्यांदा बोला."

आणि मग जन्मभर पंचात शिंकलेला तो माणूस ओरडला. कान बंद असले की आपण किती ओरडतोय ते आपल्याला कळत नाही. "तेल मी लावलं. चकतीला. खोबरेल. खोबरेल तेल, मी, माझ्या हाताने. आवाज येऊ नये म्हणून लावलं. ब्रेक चांगला होता. पारूबाईचा हात माझ्यामुळे मोडला. दुकानदाराला खरं सांग. ऐकू आलं का? मी केलं."

कॉलेजच्या मुलांनी हात थांबवले होते. नाना पुन्हा एकदा म्हणाले, "मी केलं," आणि या वेळी ते पलीकडे पोचलं असावं, कारण नाना ऐकायला लागले. हेमंत रागावला होता. मी तुमच्यासाठी भांडलो, आता दुकानदाराला काय तोंड दाखवू, असं तो म्हणाल्याचं नानांनी मला नंतर सांगितलं. नाना नुसते "हो" म्हणत होते. मग त्यांनी कानावरचं यंत्र काढलं, टेबलावर अलगद ठेवलं आणि पुढच्या दाराने बाहेर गेले.

पारूबाई पायरीवर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. बाजारातल्या निम्म्या लोकांनी ऐकलं असणार. नाना तिच्यासमोर उभे राहिले. काही बोलायचं म्हणून आले होते, पण बोलण्यासारखं सगळं आत होऊन गेलं होतं.

तिने एका हाताने काकड्या नीट लावल्या. मग म्हणाली, "मंजे आवाज तुमी घालवलात."

"हो," नाना म्हणाले.

तिने मान फिरवली. पुढे कितीतरी महिने ती त्यांच्याशी बोलली नाही. यंत्राला तिने माफ केलं होतं, माणसाला करायचं तिला काही कारण नव्हतं. मला तेव्हा तिचा राग आला. म्हातारा माणूस, सगळ्यांसमोर कबूल करतोय, दोन शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं. मी नानांना तसं म्हणालेही.

"नको गो," ते म्हणाले. "एक तरी माणूस रागावला. मी इतके दिवस वाट बघत होतो."

ब्रेक शेवटी विकतच घ्यायचा ठरला. हेमंतचा राग ओसरला, त्याने दुकानात जाऊन खरं काय ते सांगितलं आणि विचारलं, बाबा, मग वादीच ना? नाना माझ्याकडे आले, पुन्हा दोघांचं म्हणणं माझ्याकडून वाचून घेतलं. मुक्या गुटक्यांचं वाचताना मला थांबवून म्हणाले, "नको. प्रतिवादी."

"तो ओरडतो नाना. पावसात तर फारच, असं लिहिलंय सगळ्यांनी."

"ओरडू दे."

मे महिन्यात हेमंत तो संच घेऊन आला आणि त्याने स्वतः बसवला. पुढची चकती मोठी, नळी दोऱ्याच्या मापाने बरोबर बेतलेली. सायकलला हात लावायच्या आधी नाना साबणाने हात धुवायला लागले. मनगटापर्यंत धुवायचे, मग पंचाने पुसायचे, मग हात नाकाशी नेऊन वास घ्यायचे. नानी म्हणायच्या, "एवढं सोवळं ह्यांनी देवपूजेलाही पाळलं नाही." फाटकांना तेल घालायचं त्यांनी सोडून दिलं. आळीतली दारं हळूहळू पुन्हा कुरकुरायला लागली आणि कुणीच त्याबद्दल त्यांना काही म्हणालं नाही.

पाऊस सुरू झाल्यावर नवा ब्रेक असा काही बोलायला लागला, की जुना त्यापुढे काहीच नव्हता. नाना आता पहाटे जात नसत. चांगलं उजाडल्यावर, शाळेची मुलं आणि बाजारची माणसं रस्त्यावर असताना, त्या झेंडूच्या रंगावर बसून केकाटत उतार उतरायचे. लोक वळून बघायचे. नानांचे कान लाल व्हायचे, ते मी माझ्या वर्गाच्या दारातून कितीदा पाहिलंय, पण ब्रेक ते हलका दाबत नसत.

पायथ्याशी ते थांबायचे. पारूबाईचा हात जुळला होता, पण पहिल्यासारखा वळत नव्हता. ती पाटी खाली ठेवून बसलेली असायची. नाना जवळच सायकल धरून उभे राहायचे आणि ती दुसरं कुणी येईपर्यंत वाट बघायची. दूधवाला, रिक्षावाला, एकदा तर शाळेतल्या मास्तरांना तिने रस्त्याच्या पलीकडून बोलावलं. "हात लावा वो." पाटी डोक्यावर चढली की नाना वर निघायचे. हे दोघांपैकी कुणीही कधी चुकवलं नाही. मी आधी बघायचे, मग मला बघवेनासं झालं आणि त्या वेळी मी आत काम काढायला लागले.

माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही श्रावणात रत्नागिरी सोडली. सामान आधीच गेलं होतं. सकाळी मी आणि सासूबाई रिक्षाने स्टँडवर निघालो. झिमझिम पाऊस होता. उतार अर्धा उतरलो आणि मागून तो आवाज आला. रिक्षावाला न सांगता कडेला झाला. नाना आमच्या बाजूने गेले, टोपीवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, मान सरळ. सासूबाई म्हणाल्या, "चहाची वेळ झाली." पायथ्याशी सायकल थांबली, तसा आवाजही थांबला.

मी रिक्षा थांबवायला सांगितली. निरोप घ्यायचा राहिला होता. पण उतरले नाही, कारण तेवढ्यात पारूबाई उठून उभी राहिली. तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. पावसामुळे कुणी नव्हतं, की होतं आणि तिने बोलावलं नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. मग तिने नानांकडे न बघता, पाटीकडे बघत म्हटलं, "हात लावा."

नाना सायकल भिंतीला टेकवायला गेले, ती टेकली नाही, घसरून पडली. ती त्यांनी तशीच पडू दिली. ते पाटीपाशी आले, वाकले, आणि वाकता वाकता थांबले. सदऱ्याला त्यांनी दोन्ही तळहात पुसले, मग हात उलटे करून मागूनही पुसले, नाकाशी नेऊन वास घेतला. पारूबाई वाकून, चुंबळ डोक्यावर धरून थांबली होती. मग त्यांनी पाटीला हात लावला.